घोड्याचा शजरा

१९६२ साली कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतात एका फार्मवर वर्षभराच्या शिंगरांची विक्री लागली होती. फार्मचे मालक एडवर्ड टेलर बिअरच्या धंद्यातले बडे असामी. त्यांची रीत अशी, की प्रत्येक शिंगराची किंमत आधीच ठरवून टाकायची आणि गिऱ्हाइकांना बघायला बोलवायचं. ज्याला जे पटेल ते त्यानं न्यावं. उरलेली शिंगरं टेलर स्वतःच्या नावावर पळवत. त्या वर्षी एका बुटक्या, भरल्या अंगाच्या, कपाळावर वाकडा पांढरा पट्टा असलेल्या शिंगराची किंमत २५ हजार डॉलर ठेवली होती. लोकांनी बघितलं आणि पुढं गेले. ते कुणीच घेतलं नाही.

ते शिंगरू म्हणजे नॉर्दर्न डान्सर. आज जगात शर्यतीच्या मैदानावर पळणाऱ्या घोड्यांची वंशावळ उघडली, तर त्याचं नाव कुठं ना कुठं नसलेला घोडा शोधावा लागतो. विसाव्या शतकातला सगळ्यात प्रभावी 'बाप घोडा' कोण, असं घोडेवाल्यांना विचारलं तर बहुतेक जण त्याचंच नाव घेतील.

पुढं जाण्याआधी एका शब्दापाशी थांबते. दोन भाषा शिकवणाऱ्या बाईची ही खोड आहे. इंग्रजीत ज्याला थरोब्रेड म्हणतात त्याला मराठीत आपण सहज 'जातिवंत घोडा' म्हणतो. शब्दात जात आहे आणि ती कौतुकानं आहे. उर्दूत त्यालाच 'असील' म्हणतात. अरबीतल्या 'अस्ल' म्हणजे मूळ, त्यावरून तो आला. त्याच कुळातला 'अस्सल' मराठीनं कधीचाच आपला करून टाकलाय, आणि वकिलाचा 'अशील'ही त्यांचाच भाऊबंद. घोड्याचा असो की माणसाचा, मुळाचा कागद म्हणजे शजरा. आमच्या घरांमध्ये हा शब्द कानावर पडला की समजावं, कुणाचं तरी लग्न ठरायचं आहे. त्याकडं नंतर येते.

नॉर्दर्न डान्सर बुटका का राहिला, याचं एक साधं कारण होतं. त्याची आई नताल्मा ही स्वतः शर्यतीतली घोडी. १९६० सालच्या वसंतात तिच्या गुडघ्याला इजा झाली आणि तिची कारकीर्द संपली. तोवर घोड्या फळवण्याचा हंगाम जवळजवळ सरला होता. तरी जूनच्या शेवटी तिला निअर्क्टिक नावाच्या घोड्याकडं नेलं. निअर्क्टिकचंही नराच्या कामातलं ते पहिलंच वर्ष. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे, म्हणून शिंगरू जन्मलं २७ मे १९६१ ला. शर्यतीच्या जगात उत्तर गोलार्धातले सगळे घोडे १ जानेवारीला एका वर्षानं मोठे धरले जातात. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांच्या शेजारी मे अखेरीचं शिंगरू उभं केलं तर ते लहानच दिसणार. आमच्याकडं पहिलीत एकाच वर्गात जूनमध्ये सहा पूर्ण झालेलं मूल आणि पुढच्या वर्षीही चाललं असतं असं मूल शेजारी बसतं ना, तसंच. पहिल्या चाचणीनंतर शिक्षक त्या दुसऱ्याला 'जरा मंद आहे' म्हणून मोकळे होतात.

पुरतं वाढल्यावरही त्याची उंची १५.२ हातच भरली. घोड्याचा हात म्हणजे चार इंच, आणि ठिपक्यानंतरचा आकडा सुट्या इंचांचा. म्हणजे खांद्यापाशी ६२ इंच. शर्यतीच्या घोड्यासाठी ही उंची कमीच. वर स्वभाव उनाड. खोगीर टाकू द्यायचा नाही, स्वारांना पाडायचा. त्याचे ट्रेनर होराशियो लुरो हे अर्जेंटिनाचे, अनुभवी गृहस्थ. त्यांनी टेलरना सल्ला दिला, की याला खच्ची करा म्हणजे शांत होईल. शर्यतीच्या धंद्यात ही नेहमीची गोष्ट आहे. टेलर नाही म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मान डोलावली असती तर पुढचा सगळा इतिहास सुरूच झाला नसता. मोठमोठ्या घराण्यांची मुळं अशा एखाद्या 'नको, राहू दे'वर उभी असतात. शजऱ्याच्या कागदावर ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

शर्यतीची कारकीर्द छोटी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. दोन हंगामांत १८ शर्यती. १४ जिंकल्या, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. पहिल्या तीनच्या बाहेर एकदाही नाही. मधे खूर फाटलं, तेव्हा कॅलिफोर्नियाहून एका नालबंदाला बोलावून त्यावर रबराचं ठिगळ चढवलं आणि घोडा पुन्हा पळायला लागला. आमच्या घरी या प्रसंगाला शर्यतीपेक्षा जास्त दाद मिळाली. का, तेही पुढं येईल.

२ मे १९६४ ला केंटकी डर्बी होती. सव्वा मैलाची, म्हणजे साधारण दोन किलोमीटरची शर्यत. बिल शूमेकर हा त्या काळातला अमेरिकेतला नावाजलेला जॉकी याआधी नॉर्दर्न डान्सरवर बसलेला होता. डर्बीसाठी मात्र त्यानं उंचापुरा, देखणा हिल राइज निवडला आणि नॉर्दर्न डान्सरवर बिल हार्टॅक बसला. शेवटच्या वळणानंतर बुटका पुढं आणि हिल राइज लांब टांगा टाकत त्याच्या मागं. प्रत्येक ढांगेला अंतर कमी होत होतं. शर्यत संपली तेव्हा बुटका मानेच्या अंतरानं पुढं होता. वेळ बरोबर दोन मिनिटं. तोवर ती शर्यत इतक्या वेगानं कुणी पळालं नव्हतं. हा विक्रम नऊ वर्षांनी, १९७३ साली सेक्रेटेरिएटनं मोडला. कॅनडात जन्मलेल्या घोड्यानं केंटकी डर्बी जिंकण्याचीही ती पहिलीच वेळ. त्यानंतर प्रीकनेस जिंकली, बेलमाँटमध्ये तिसरा आला, घरी परतून क्वीन्स प्लेट सात लांबींहून जास्त अंतरानं मारली. मग पुढच्या पायाची शीर दुखावली आणि पळणं संपलं. एकूण कमाई ५ लाख ८० हजार डॉलरच्या थोडी वर.

इथं काही वाचकांच्या भुवया उंचावल्या असतील. मास्तरीणबाई रेसवर लिहितात? सट्टा हराम आहे आणि त्याबद्दल माझं दुमत नाही. पण शर्यत वेगळी आणि सट्टा वेगळा. मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या जात, हे हदीसमध्ये आलेलं आहे. घोडा बघायला मला आवडतं. पैसे लावायला नाही.

खरी गोष्ट तर पळणं संपल्यावर सुरू होते. १९६५ साली नॉर्दर्न डान्सर नराच्या कामाला लागला तेव्हा एका घोडीमागं फी होती १० हजार डॉलर. या धंद्याचा एक कडक नियम आहे. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी आणि घोडा प्रत्यक्ष एकत्र यायलाच हवेत, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही. त्यामुळं चांगल्या नराचा हंगाम म्हणजे मोजक्या घोड्या, आणि त्या घोड्यांचे मालक देशोदेशींहून त्यांना घेऊन येणार. १९६८ अखेर त्याला कॅनडातून अमेरिकेतल्या मेरीलँडला हलवलं ते याचसाठी, तिथं घोड्या आणणं सोपं होतं. उंची आड येऊ नये म्हणून त्याच्यासाठी तिथं उंचवटा केला होता, असं सांगतात. विश्वविजेत्याला पायाखाली पाट, हे वाचून मला हसू आवरलं नव्हतं.

त्याच्या सुरुवातीच्या मुलांपैकी एक निजिन्स्की. आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन कॅनडात भलतंच शिंगरू बघायला गेले होते, ते पसंत पडलं नाही आणि नजर या दुसऱ्यावर खिळली. ८४ हजार डॉलरना ते घेतलं गेलं. १९७० साली निजिन्स्कीनं इंग्लंडमधल्या तिन्ही मोठ्या शर्यती, टू थाउजंड गिनीज, एप्सम डर्बी आणि सेंट लेजर, एकाच वर्षात जिंकल्या. त्यानंतर आजपर्यंत हे कुठल्याही घोड्याला जमलेलं नाही. त्याच वर्षी नॉर्दर्न डान्सरचे ३२ हिस्से करून प्रत्येकी ७५ हजारांना विकले गेले, म्हणजे घोड्याची किंमत झाली २४ लाख डॉलर. मग द मिन्स्ट्रेल, लिफार्ड, नुरेयेव्ह, डॅन्झिग, सॅडलर्स वेल्स अशी मुलं येत गेली. एक पळायचं, दुसरं बाप म्हणून गाजायचं. १९८०च्या दशकाच्या मध्यात फी दहा लाख डॉलरवर गेली, आणि तीही शिंगरू जिवंत जन्मेल याची कसलीही हमी नसताना. दोन वर्षं जीव तोडून पळून त्यानं जेवढं कमावलं, त्याच्या पाऊणेदोन पट एका भेटीला.

आता त्या वेळच्या लिलावांचं दृश्य डोळ्यासमोर आणा. केंटकीतल्या कीनलँडला दर जुलैत निवडक शिंगरांचा लिलाव व्हायचा. एका बाजूला रॉबर्ट सँगस्टर आणि ओब्रायन यांची मंडळी, दुसऱ्या बाजूला दुबईचे शेख मोहम्मद आणि त्यांचे भाऊ. दोघांनाही नॉर्दर्न डान्सरचं रक्त हवं. १९८३ साली त्याचा एक मुलगा रिंगणात आला आणि बोली चढत गेली. एक कोटी डॉलर ओलांडले तेव्हा आकडे दाखवणारा फलकच अपुरा पडला. त्यावर सातच आकडे मावत होते. १ कोटी २ लाख डॉलरना शेख मोहम्मद यांनी तो घेतला. एका शिंगराला इतकी किंमत तोवर जगात कुणी दिली नव्हती. नाव ठेवलं स्नाफी डान्सर.

तो एकही शर्यत पळाला नाही. सरावातच कळून चुकलं, की याला चारचौघांत उतरवण्यात अर्थ नाही. ठीक आहे, म्हटलं, रक्त तर आहे ना, नर म्हणून उपयोगी येईल. तिथं कळलं की तो जवळजवळ वांझ आहे. सगळ्या आयुष्यात त्याला चार शिंगरं झाली.

बाप तोच. वीस वर्षांपूर्वी बापाला २५ हजारांना गिऱ्हाईक नव्हतं आणि मुलाला कोटीच्या वर बोली. बापाचे कागद काही हलके नव्हते. त्याचा आजा इटलीचा निअर्को, चौदा शर्यतींत चौदा विजय मिळवणारा. आईचा बाप नेटिव्ह डान्सर, तोही अमेरिकेत गाजलेला. कागद होते, पण घोडा बुटका होता, म्हणून लोकांनी कागद बाजूला ठेवले. मुलाच्या वेळी कागद इतके चमकत होते की घोड्याकडं बघायची गरजच वाटली नाही. आणि हे एकदाच घडलेलं नाही. २००६ साली ग्रीन मंकी नावाचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरना गेला. नॉर्दर्न डान्सरच्याच वंशातला. तो तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. एकूण कमाई १०,४४० डॉलर.

मला यातून एक गोष्ट दिसते. शजरा वरून खाली वाचतात, पण तो लिहिला जातो खालून वर. नातवानं पराक्रम केला की आजीचं नाव शोधून काढतात. उदाहरण याच घरातलं देते. नताल्माची आई अल्महमूद. ही काही पळण्याच्या बाबतीत दंतकथा झालेली घोडी नव्हे. पण तिच्या एका मुलीच्या पोटी नॉर्दर्न डान्सर झाला, दुसरीच्या पोटी हेलो, ज्याचा मुलगा संडे सायलेन्स जपानला गेला आणि तिथल्या शर्यतींचं चित्रच त्यानं पालटलं. आज अल्महमूदचं नाव जाणकार अदबीनं घेतात. तिला हा मान दोन नातवांनी मिळवून दिला.

अल्महमूद हे नाव वाचून तुम्हीही माझ्यासारखे चमकला असाल. तिचा बाप महमूद. आमच्या टांगेवाल्यांच्या भाषेत 'सब्जा', म्हणजे करडा-पांढरा घोडा. मालक तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह, ज्यांनी १८९२ साली पुण्यातला आगाखान पॅलेस बांधला तेच. महमूदनं १९३६ साली एप्सम डर्बी २ मिनिटं ३३.८ सेकंदांत जिंकली आणि तो विक्रम ५९ वर्षं टिकला. १९४० साली आगाखानांनी त्याला अमेरिकेत विकून टाकलं. तसं झालं नसतं तर अल्महमूद तिकडं जन्मली नसती. आणि १९९५ साली महमूदचा विक्रम कुणी मोडला? लम्मतारा नावाच्या घोड्यानं. तो निजिन्स्कीचा मुलगा, नॉर्दर्न डान्सरचा नातू, म्हणजे महमूदच्याच पाचव्या पिढीतला. हा लम्मतारा चार शर्यती पळाला आणि चारही जिंकला. मग जपाननं त्याला तीन कोटी डॉलर देऊन नेलं, आणि बाप म्हणून तो साफ फसला. शेवटी त्याला इंग्लंडला परत आणलं.

ही सगळी नाती मी आईकडून मोजली, हे लक्षात आलं का? इंग्रजी घोडेबाजारात बापाचं नाव मोठं. अरबस्तानातल्या बद्दूंची रीत उलटी. कुहैलान, सकलावी, उबय्यान, हमदानी, हदबान ही त्यांच्या घोड्यांची पाच नामांकित घराणी. घराणं चालतं ते घोडीच्या नावानं. शिंगरू सकलावी कधी, तर आई सकलावी असेल तेव्हा. बद्दू घोडा विकायचा, घोडी मात्र सहजासहजी विकायचा नाही. म्हणून तर इंग्लंडात पोचले ते बहुतेक नर.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध डार्ली अरेबियन. थॉमस डार्ली या व्यापाऱ्यानं हलब शहरात, म्हणजे आजच्या सीरियातल्या अलेप्पोत, तो घेतला आणि १७०४ साली यॉर्कशायरला घरी पाठवला. आजच्या नर थरोब्रेडपैकी साधारण ९५ टक्क्यांची बापाकडची ओळ या एका घोड्यापर्यंत जाते. नॉर्दर्न डान्सरचीही. नावातच 'अरेबियन' आहे, म्हटल्यावर तीनशे वर्षं सगळे म्हणत आले की थरोब्रेडचं मूळ अरबी. अलीकडं शास्त्रज्ञांनी बापाकडून मुलाकडं जाणारं गुणसूत्र तपासलं. २०१७ साली निष्कर्ष छापून आला, की ही ओळ अरबी घोड्यांपेक्षा मध्य आशियातल्या तुर्कमान घोड्यांशी जुळते. त्याआधी २०१२ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दुसरीच गंमत दाखवली होती. कमी अंतरात झपाट्यानं पळायला लावणारा जनुकाचा जो प्रकार आहे, तो पसरला मुख्यतः निअर्क्टिक आणि नॉर्दर्न डान्सर या बापलेकांमुळं. पण तो मुळात आला कुठून? अरबी घोड्यातून नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका स्थानिक ब्रिटिश घोडीतून तो आला असावा. तिचं नाव कुठल्याच वहीत नाही. कुणाच्या तरी शेतावरची, गाडीला जुंपलेली किंवा टेकड्यांवर चरणारी गावठी घोडी असेल. दरबारात शजरा अरबी बापाचा मिरवायचा आणि वेग त्या बिननावाच्या घोडीचा.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या गोष्टीकडं येते. मागच्या वर्षी आमच्या भाचीसाठी एक स्थळ आलं. मुलगी फार्मसी शिकलेली, नोकरीला. मुलगा इंजिनिअर. दोन्ही घरी पसंती, दावतीची तारीख बोलायची बाकी. तेवढ्यात मध्यस्थ खालांचा फोन आला, की मुलाकडचे 'हड्डी'ची चौकशी करतायत. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हड्डी म्हणजे हाड, म्हणजे खानदान कुठलं, सय्यद की शेख की पठाण, की त्याखालचं काही. इस्लाममध्ये जात नाही, हे वाक्य मी शाळेत, मंचावर, मुशायऱ्यात सगळीकडं ऐकलंय. आणि हड्डीचा प्रश्नही त्याच लोकांकडून ऐकलाय. खालांनी चाचरत विचारलं, 'तुमचे दादा मिरजेत टांगा चालवायचे ना?'

फोन स्पीकरवर होता. अब्बा म्हणाले, 'हो. आणि घोड्याला दाणा घातल्याशिवाय स्वतः कधी जेवले नाहीत, तेही सांगा त्यांना.' ते स्थळ तिथंच संपलं.

आमचे दादा मिरज स्टेशनबाहेर टांगा लावायचे. अब्बांचं बालपण तोबऱ्याच्या, भिजवलेल्या हरभऱ्याच्या आणि लिदीच्या वासात गेलं. घोडा घ्यायचा असेल तर दादा आधी खूर उचलून बघायचे, मग छाती, मग डोळे. भोवरेही बघायचे, कारण अमुक जागी केसांचा भोवरा अशुभ असं सगळेच मानायचे. पण भोवरा वाईट म्हणून स्वस्त मिळालेला घोडा ते खुशाल घ्यायचे. म्हणायचे, भोवरा टांगा ओढत नाही. त्या घोड्यांना ना शजरा होता, ना आईबापाचं नाव. कुमैत, मुश्की, सब्जा अशी रंगावरूनच त्यांची नावं.

आमच्यात एक जुनी म्हण फिरते. गेल्या साली मी विणकर होतो, यंदा शेख आहे, भाव चढले तर पुढच्या साली सय्यद होईन. इंग्रजांच्या काळातल्या जनगणनेवाल्यांनीसुद्धा ती टिपून ठेवली होती. म्हणजे आमचेही शजरे खालून वरच लिहिले जातात. दुकान चाललं, बंगला झाला, की तीन पिढ्यांनी अरबस्तानातून आलेला एक पूर्वज सापडतो. टांगेवाल्याला तो सापडत नाही. आमचे पूर्वज कुठल्या मातीतले, हे आमच्या जेवणावरून, ओव्या गुणगुणणाऱ्या दादीवरून कुणालाही कळेल. त्या ब्रिटिश घोडीसारखे, इथलेच.

इथं कुणी म्हणेल, बाई, तुमचाच घोडा तुमच्या विरुद्ध साक्ष देतोय. रक्तात काहीच नसतं तर नॉर्दर्न डान्सरची मुलं, नातवंडं, पणतू जिंकत कसे गेले? बरोबर आहे. घोड्यात रक्त बोलतं. सॅडलर्स वेल्स ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १४ वेळा अव्वल बाप ठरला, त्याचा मुलगा गॅलिलिओ १२ वेळा, त्याचा मुलगा फ्रँकेल तर एकही शर्यत हरला नाही. हा योगायोग नव्हे. पण हे साधतं कसं, तेही बघा. तीनशे वर्षं एकाच कामासाठी, फक्त पळण्यासाठी, निवड. जो पळत नाही त्याला वगळायचं, खच्ची करायचं. जोडीदार मालक ठरवणार. एवढं करूनही स्नाफी डान्सर जन्मतो. माणसाच्या बाबतीत आपण यातलं काहीच करत नाही, करूही नये. मग उरतो तो फक्त कागद, आणि त्यावर कोटीची बोली.

शिवाय एकाच रक्तामागं धावण्याची किंमत घोड्यांनाही पडते आहे. नॉर्दर्न डान्सर आईकडूनही आणि बापाकडूनही, असे घोडे आता सर्रास आहेत, आणि नात्यातल्या नात्यात पैदास वाढत चालल्याची काळजी शास्त्रज्ञ बोलून दाखवतात. अमेरिकेच्या जॉकी क्लबनं २०२० साली नियम केला, की नव्या पिढीच्या नराला वर्षाला १४० पेक्षा जास्त घोड्या दाखवायच्या नाहीत. मोठ्या स्टड फार्मवाल्यांनी कोर्टात धाव घेतली आणि २०२२ मध्ये क्लबनं तो नियम मागं घेतला. खालाजाद-मामेजाद नात्यांतच लग्न लावण्याचा हट्ट धरणाऱ्या आमच्या काही घरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

नॉर्दर्न डान्सरचा एक मुलगा भारतातही आला. रझीन. उर्दूत या शब्दाचा अर्थ गंभीर, भारदस्त. १९९० सालच्या एप्सम डर्बीत सगळ्यांची पसंती त्याच्यावर होती आणि तिथं तो सपशेल मागं पडला. इंग्लंडच्या हिशेबात तो निकामी. मग तो इकडं उषा स्टडमध्ये आला आणि अनेक वर्षं भारतातला अव्वल बाप ठरला. त्याची लेकरं मुंबई-पुण्याच्या मैदानांवर पळाली. आपल्याकडचे रेसवाले त्याचं नाव अजून काढतात.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी मी अब्बांना मोबाइलवर १९६४ सालच्या डर्बीची जुनी फिल्म दाखवली. त्यांना इंग्रजी समालोचन कळत नव्हतं आणि गरजही नव्हती. ते नुसते पाय बघत होते. 'ठेंगणा आहे, पण मागचे पाय बघ कसे पोटाखाली घेतोय,' म्हणाले. रबराच्या ठिगळाची गोष्ट सांगितली तेव्हा खूश झाले. नालबंद हुशार असला तर घोड्याचं निम्मं आयुष्य वाढतं, हे दादांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. फी, लिलाव, कोटी, यात त्यांना फारसा रस दिसला नाही. त्यांनी एकच विचारलं, 'म्हातारा झाल्यावर काय केलं त्याचं?'

टांगेवाल्याच्या मुलालाच हा प्रश्न पडणार. म्हाताऱ्या घोड्याचं काय होतं, ते त्यांनी स्टेशनबाहेर बघितलेलं होतं. मी सांगितलं, १९८७ साली, सव्वीसाव्या वर्षी, त्याला कामातून मोकळं केलं. विकलं नाही, कुठं हलवलं नाही. मेरीलँडच्याच फार्मवर तीन वर्षं नुसता चरत, उन्हात उभा राहत होता. १६ नोव्हेंबर १९९० ला गेला. त्याला ओकच्या लाकडाच्या पेटीत ठेवून गाडीनं कॅनडाला, जिथं जन्मला त्या ओशावाच्या फार्मवर नेलं आणि तिथं पुरलं. ते फार्म २००९ साली बंद पडलं. जमिनीवर आता विद्यापीठ आणि घरं आहेत, पण कबर जागच्या जागी आहे.

अब्बांनी मान हलवली. मग म्हणाले, 'ती शर्यत परत लाव. शेवटचं वळण नीट बघू दे.'